बालाघाटावरील कंदीलपुष्प व डोंगरमाथ्याची उथळ जमीन

मृगाचा पाऊस लागून दीड-दोन महिने लोटले म्हणजे बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर, बोरीच्या अथवा हेकळाच्या काटेरी जाळीत, सुतळीहून बारीक असा एक वेल चढलेला दृष्टीस पडतो. त्याची पाने समोरासमोर, जाडसर व किंचित मांसल असतात. एकाच डोंगरावर ती कोठे वाटोळी तर कोठे गवताच्या पात्याप्रमाणे अरुंद आढळतात. त्यामुळे पाहणाऱ्यास हे दोन निराळे वेल असल्याचा भास होतो. श्रावणाच्या सुमारास पानांच्या बेचक्यात इंच-सव्वा इंच लांबीची, हिरवट व जांभळट छटेची फुले उभी राहतात. फुलाचा तळ फुगीर, मधला भाग नळीसारखा, आणि शेंड्याशी पाच पाकळ्या टोकांना एकमेकींस चिकटलेल्या. पाकळ्यांच्या मधून पाच फटी राहतात, त्यामुळे टांगलेल्या कंदिलाच्या जाळीची आठवण होते. ह्यावरूनच ह्या वनस्पतीस कंदीलपुष्प हे नाव पडले. काही भागांत तिला खर्चुडी असेही म्हणतात. शास्त्रीय नाव सेरोपेजिया बल्बोसा.

शेतीविषयक पत्रिकेत रानफुलास जागा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. ह्या वेलापासून पीक मिळत नाही व बाजारात त्यास भावही नाही. तथापि तो ज्या वीतभर मातीत वाढतो तीच माती पावसाचे पाणी धरून खालच्या शिवारातील विहिरींस पुरविते. ती माती ढळू लागली की प्रथम असेच नाजूक वेल नाहीसे होतात, विहिरीचा उपसा त्यानंतर कमी होतो. डोंगरमाथ्याच्या प्रकृतीची खूण म्हणून ह्या वेलाकडे पाहावयास शेतकऱ्याने शिकावे, हा ह्या लेखाचा हेतू होय.

सेरोपेजिया हे प्रजातीचे नाव लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली दिले. मेण व कारंजे अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनलेले आहे. मेणबत्त्यांच्या झुंबराची कल्पना त्यामागे असावी. मराठी माणसास ह्याच फुलात कंदील दिसला, हे सहजच लक्षात येते. आपल्या जातीचे वर्णन रॉक्सबर्ग यांनी १७९५ साली कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात प्रसिद्ध केले. कुळाच्या दृष्टीने पाहता कंदीलपुष्प हे रुईचे भावंड आहे. बांधावर वाढणारी उतरण, कुंपणावरील हरणदोडी आणि औषधी अनंतमूळ हीही त्याच गोतावळ्यातील होत. रुईचे बोंड फुटून वाऱ्यावर म्हाताऱ्या उडताना ज्याने पाहिल्या असतील त्यास कंदीलपुष्पाचे बी ओळखण्यास वेगळे शिक्षण नको.

ह्या गोतावळ्यातील काही वनस्पती फारच दुर्मिळ आहेत, आणि त्यांपैकी एकीचे घर आपल्याच डोंगररांगेच्या उगमाशी आहे. धाराशिव जिल्ह्यातील बालाघाट हा एकाकी डोंगर नव्हे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून हरिश्चंद्रगडाजवळ एक फाटा फुटतो, तो आग्नेय दिशेने अहिल्यानगर व बीड जिल्ह्यांतून उतरत उतरत आपल्या जिल्ह्यात येतो. हरिश्चंद्रगडाचा माथा १,४२४ मीटर उंच आहे. आपल्याकडील पठारे सुमारे सहाशे ते सातशे मीटरांवर आहेत. तेथे पावसाळाभर ढग माथ्यावर टेकलेले असतात. येथे सबंध वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मि.मी.च्या आसपास पडतो आणि भूम-परंड्याकडे त्याहूनही कमी. रांग एकच, खडकही तोच काळा बेसाल्ट. परंतु पश्चिमेकडील टोक ओले व पूर्वेकडील टोक कोरडे.

हरिश्चंद्रगडाच्या टोकाशी सेरोपेजिया लॉवाय ही कंदीलपुष्पाची जात वाढते. हूकर यांनी १८८३ साली तिचे वर्णन केले. त्यानंतर ती दीर्घकाळ कोणास आढळली नाही. विसाव्या शतकात गडावर ती पुन्हा सापडली तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञांस हायसे वाटले. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर सेरोपेजिया जैनाय ही दुसरी एक जात आहे. त्या पठाराचा समावेश २०१२ साली जागतिक वारसास्थळांत झालेला आहे. ह्या दोन्ही जाती वेल नसून बुटक्या, उभ्या वनस्पती आहेत. उंच माथ्यावर वारा सोसाट्याचा व आधारास झाडी विरळ, त्यामुळे वेलाने चढावे तरी कशावर? आपला वेल मात्र काटेरी झुडपाच्या आधाराने वाढतो. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

आपली जात भारतातील अनेक कोरड्या प्रदेशांत आहे, त्यामुळे देशाचा विचार करता ती दुर्मिळ म्हणता येत नाही. परंतु एखादा वेल सबंध देशातून नाहीसा होण्यापूर्वी एकेका डोंगरावरून नाहीसा होत असतो. ज्या डोंगरावर तो दहा ठिकाणी दिसत असे तेथे दोन ठिकाणी उरला, आणि ही दोन ठिकाणेही कड्याच्या कपारीतील निघाली, तर खालच्या गावाने त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे.

माशीला कोंडणारे फूल

कंदीलपुष्पाच्या फुलाची घडण इतकी चमत्कारिक आहे की तिची हकीकत थोडी सविस्तर सांगणे इष्ट वाटते. कारण हा वेल सहजासहजी का वाढत नाही याचे उत्तर तिच्यातच आहे.

बहुतेक फुलांवर मधमाशी येते, परागकण अंगास माखून घेते व निघून जाते. कंदीलपुष्पास मधमाशीचा उपयोग नाही. चिलटांएवढ्या बारीक माश्या त्याच्या वासाने आकर्षित होतात. पाकळ्यांच्या फटीतून आत शिरलेल्या माशीचे पाय नळीच्या गुळगुळीत कडेवर टिकत नाहीत. नळीत केसांची दाटी असते व हे सर्व केस खालच्या बाजूस रोखलेले असतात. परिणामी माशीला खाली जाता येते, वर येता येत नाही. मासे धरण्याच्या सापळ्याची रचना अशीच असते. तळाच्या फुगीर कोठडीत थोडा मध असतो. तो चाखण्यासाठी माशी तोंड खुपसते त्या क्षणी परागांची एक लहानशी जोडगोळी चिमट्याप्रमाणे तिच्या सोंडेस अडकते. माशी साधारणतः दुसऱ्या दिवसापर्यंत आत कोंडून राहते. पुढे नळीतील केस सुकतात, फूल मान टाकते, आणि माशीची सुटका होते. ती माशी दुसऱ्या कंदीलपुष्पात जाऊन पुन्हा फसली, आणि सोंडेवरील परागांची गोळी तेथील नेमक्या खाचेत बसली, तरच फळ धरते.

म्हणजे एका शेंगेसाठी तीच माशी दोनदा फसली पाहिजे. त्यासाठी माशी उडून जाऊ शकेल इतक्या अंतरावर दुसरा वेल फुललेला असला पाहिजे. वेल विरळ झाले की फुले येतात, माश्याही कोंडल्या जातात, परंतु फळ मात्र धरत नाही. अशा डोंगरावर चालणारा मनुष्य फुले पाहून समाधान मानतो, आणि वेलाची पुढील पिढी तयारच होत नाही याचा त्यास पत्ता लागत नाही. ह्यास्तव फुलांवरून वेलाची खुशाली ठरवू नये. आश्विनात शेंगा मोजाव्यात. शेंगा बारीक, सरळ, टोकाकडे निमुळत्या व बहुधा जोडीने येणाऱ्या असतात. कार्तिकाच्या सुमारास त्या उभ्या उकलतात व रेशमी झुपका असलेले चपटे बी वाऱ्यावर निघून जाते. दिवाळीनंतर वेल वाळून नाहीसा होतो व पुढील मृगापर्यंत त्याचा मागमूस वर राहत नाही.

जमिनीखाली मात्र कंद जिवंत असतो. तो बटाट्याएवढा किंवा त्याहून लहान, वरून चपटा व आतून पांढरा असतो. लोक ही वनस्पती कच्ची व कालवणात शिजवूनही खातात आणि गुरेही तिचे कोवळे भाग आवडीने खातात, अशी नोंद रॉक्सबर्ग यांनीच केली आहे. रानात गुरे राखणाऱ्या मुलांना हा कंद उकरण्याचा छंद असतो. भुकेच्या वर्षी एखाद्या कुटुंबाने कंद काढून खाल्ले तर त्यास दोष देता येत नाही. परंतु वेलाचा सर्व साठा त्या एका कंदातच असतो. पाने खाल्ली तर तो पुन्हा फुटेल. कंद काढला की तो वेल संपला.

वीतभर माती

हा कंद फार खोल नसतो, कारण खोल जाण्यास डोंगरावर मातीच नाही. तुळजापूर, धाराशिव, कळंब, वाशी व भूम तालुक्यांतील डोंगरउतार ज्यांनी पाहिले आहेत त्यांस विदित आहे की, वर वीत-दीड वीत मुरूममिश्रित माती व खाली खडक अशीच तेथील रचना आहे. काही ठिकाणी तर कुदळीचा पहिला घावच खडकावर बसतो. बेसाल्ट झिजून इंचभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. ती वाहून जाण्यास मात्र वळवाच्या एक-दोन जोरदार सरी पुरतात.

ह्या मातीस धरून ठेवणारे कोण? कुसळी, पवना व मारवेल ह्यांसारखी गवते तिला वरून बांधून ठेवतात. बोर, हेकळ, तरवड, करवंद ह्यांची जाळी तिच्यात पालापाचोळा अडवून ठेवते. जाळीच्या बुडाशी ओल अधिक दिवस टिकते, शेळीचे तोंड पोहोचत नाही आणि वेलास आधारही मिळतो. कंदीलपुष्प नेमके तेथेच का सापडते ह्याचा उलगडा त्यावरून होतो. सरपणासाठी वा कुंपणाच्या काट्यांसाठी ही जाळी मुळापासून तोडली की तिच्या आश्रयास असलेले सर्वच उघड्यावर पडते. विळ्याने वरवर छाटलेले झुडूप पुन्हा फुटते. कुऱ्हाडीने बुडखा काढलेले फुटत नाही.

बालाघाटाची आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या हिशेबात धरण्यासारखी आहे. आपल्या जिल्ह्यातील हा माथा म्हणजे दोन खोऱ्यांमधील आडवा बांध आहे. त्याच्या पूर्वेस पडलेला थेंब तेरणा व मांजरा नद्यांवाटे गोदावरीस मिळतो. पश्चिमेस पडलेला सीना नदीतून भीमेकडे जातो. माथ्यावर मोठी नदी येऊन पाणी आणीत नाही. जे पडेल तेवढेच पाणी, आणि जेवढे मुरेल तेवढेच गावाच्या उपयोगाचे.

शेळी व डोंगर

डोंगराच्या ऱ्हासाचा विषय निघाला की शेळीवर ठपका ठेवण्याची रीत आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, त्या जिल्ह्यात तरी असे बोलताना विचार करावा. काळ्या रंगाची, उंच अंगाची, कोरड्या चाऱ्यावर तग धरणारी व जोडकरडे देणारी ही शेळी भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांचे अडीअडचणीचे धन आहे. पीक बुडाले तरी शेळी विकून मुलीचे लग्न वा दवाखान्याचा खर्च भागतो. तिला डोंगरावरून सरसकट हुसकावण्याचा उपदेश करणारा मनुष्य त्या कुटुंबाच्या चुलीचा विचार करीत नाही.

शिवाय चराई पूर्णपणे बंद करण्याने रानफुले वाढतातच असेही नाही. हिमालयात, उत्तराखंडातील फुलांचे खोरे १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले व पूर्वापार येणारी मेंढरे व गुरे तेथे थांबली. पुढे त्या खोऱ्यात पॉलिगोनम जातीची उंच वनस्पती फोफावली, तिच्या सावलीत नाजूक फुलझाडे दडपू लागली, आणि वनखात्यास ती उपटून काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. तेथील हवामान निराळे व येथील निराळे हे खरे. तरीही चराई थांबविली म्हणजे कर्तव्य संपले असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. आपल्या डोंगरावरही गवत वर्षानुवर्षे न चरता वा न कापता राहिले तर ते वाळून दाट होते, आणि फाल्गुन-चैत्रात कोणाच्या विडीने वा हेतुपुरस्सर लावलेल्या काडीने पेटते. पावसाळ्यात नवे कोवळे गवत यावे म्हणून डोंगर पेटविण्याची समजूत अद्याप गेलेली नाही. त्या आगीतून जमिनीखालचा कंद कदाचित वाचतो; परंतु जाळी जळते, पाचोळा जळतो, उतार उघडा पडतो व पहिल्या वळवाने राखेबरोबर मातीही ओढ्यास जाते.

प्रश्न शेळी डोंगरावर जावी की न जावी हा नसून केव्हा जावी हा आहे. वेलास निर्धास्त काळ हवा तो फूल येण्यापासून शेंग उकलेपर्यंत, म्हणजे श्रावणापासून दिवाळीपर्यंतचा. गवताचे बी धरण्याचा काळही जवळजवळ हाच होय. गावाने गायरानाचे तीन भाग पाडावे. त्यांपैकी एक भाग ह्या तीन-साडेतीन महिन्यांसाठी बंद ठेवावा व उरलेले दोन चराईस मोकळे ठेवावे. पुढील वर्षी बंद ठेवण्याची पाळी दुसऱ्या भागाची. बंद भागातील गवत बी पडल्यावर कापून न्यावे. त्यामुळे उन्हाळ्याच्या चाऱ्याची सोय होते व आगीस इंधन उरत नाही. शेळ्यांच्या तोंडची उणीव भरून काढण्यास बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावता येते. ह्या झाडांचा पाला शेळी आवडीने खाते. तथापि हा ठराव ग्रामसभेत करताना ज्यांच्याकडे शेती नाही व केवळ शेळ्याच आहेत अशांना प्रथम बोलू द्यावे. बांधच नसलेल्या माणसास बांधावर शेवरी लावा असे सांगणे व्यर्थ आहे. त्याच्यासाठी बंद भागातील कापलेल्या गवताचा वाटा ठरविला पाहिजे.

मृदसंधारणाच्या कामांविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे. डोंगरउतारावर सलग समतल चर खणल्याने धावते पाणी थांबते व मुरते, ह्याबद्दल दुमत नाही. हे चर साधारणतः ६० सें.मी. रुंद व ३० सें.मी. खोल असतात, म्हणजे ज्या थरात कंद असतात तो थर ते आरपार कापतात. चर मजुरांच्या हातांनी निघत असत तेव्हा काटेरी जाळी आली की मनुष्य वळसा घालीत असे. आता काम यंत्राने होते, आणि यंत्राला जाळीची अडचण वाटत नाही. आखणी करतानाच जुन्या जाळ्या, उघड्या कातळाच्या कडा व कपारी यांना चुन्याची खूण करून तेवढी जागा सोडावी. चरांच्या लांबीत त्यामुळे थोडी तूट येईल. पण जाळीच्या मुळांनी धरलेली माती उकरून तिच्या जागी चर काढणे म्हणजे भरलेला रांजण फोडून त्याच्या खापरीत पाणी साठविण्यासारखे होय. पवनचक्क्यांसाठी पठारांवर रस्ते काढताना व उघड्या माळावर गिरिपुष्पाची सरसकट लागवड करतानाही हाच विवेक हवा. सर्वच माळ ओसाड नसतात. वैशाखात ओसाड दिसणारा माळ श्रावणात एकदा पाहून मग खड्डे खणावेत.

येडशी येथील रामलिंग घाट अभयारण्याची हकीकत थोडी निराळी आहे. सुमारे २२ चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र १९९७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तेथून कोणतीही वनस्पती वा कंद परवानगीवाचून काढणे गुन्हा ठरते. श्रावणात रामलिंगाच्या दर्शनास जाणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. देवस्थानाच्या दरीतील झाडी पाहिली म्हणजे एरवी उघडा दिसणारा बालाघाट काय धारण करू शकतो याची प्रचीती येते.

गावाच्या गायरानावर मात्र कोणी रखवालदार नाही. तेथे गावकऱ्यांच्या हाती दोन साधने आहेत. पहिले नोंदीचे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची व तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. ह्या जिल्ह्याच्या वनस्पतींची शास्त्रीय यादी व्ही. एन. नाईक यांनी १९७९ साली ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ ह्या ग्रंथात सादर केली होती. परंतु कोणत्या गावच्या कोणत्या टेकडीवर किती वेल उरले आहेत हे ग्रंथ सांगू शकत नाही, गुराखी सांगू शकतो. शाळेतील शिक्षकांनी भाद्रपदात एक दिवस मुलांना घेऊन डोंगरावर जावे, जाळीचे ठिकाण व फुलांची संख्या नोंदवावी, आणि आश्विनात पुन्हा जाऊन त्याच ठिकाणी शेंगा मोजाव्यात. फुले पुष्कळ व शेंगा नाहीत असे दोन-तीन वर्षे आढळल्यास तेथे वेल फार विरळ झाला आहे असे समजावे.

अशा ठिकाणी दुसरे साधन उपयोगी पडते, ते बियांचे. शेंग पिवळसर होऊन उकलण्याच्या बेतात आली म्हणजे तिच्यावर मलमलीची लहान पिशवी सैल बांधावी, म्हणजे बी वाऱ्यावर जात नाही. एका वेलाच्या सर्व शेंगा घेऊ नयेत. निम्म्याहून अधिक तशाच सोडाव्यात. बी सावलीत सुकवून, वरील रेशमी झुपका काढून, कागदाच्या पुडीत कोरड्या जागी ठेवावे. ह्या कुळातील बी ताजे असता चांगले उगवते, फार दिवस ठेवल्यास भरवसा राहत नाही. म्हणून पुढील मृग चुकवू नये. पहिला चांगला पाऊस झाल्यावर त्याच डोंगरावरील काटेरी जाळीच्या बुडाशी, उताराच्या वरच्या अंगास, मुरूम बोटाने हलवून बी टाकावे व वर चिमूटभर माती पसरावी. खत घालू नये, पाणीही घालू नये. बी एकाच जागी न टाकता जवळजवळच्या पाच-सहा जाळ्यांखाली विभागून टाकावे, म्हणजे पुढे वेल फुलतील तेव्हा माशीस एका कंदिलातून दुसऱ्यापर्यंतचे अंतर फार पडणार नाही. रोप उगवले की नाही हे पाहण्यासाठी माती उकरण्याचा मोह मुलांना आवरत नाही. त्यांना आधीच सांगून ठेवावे की ह्या वेलाची ओळख पानाफुलांवरून व शेंगेवरून पटते, त्यासाठी कंद काढून पाहण्याचे कारण नाही.